हात खाली घेऊ नका

आमच्या पंचायत समितीत शपथेचा कार्यक्रम असला की बीडीओ साहेब आधी एकच विचारतात, "भाऊसाहेब आहेत ना?" साहेब दौऱ्यावर असले तरी शपथ होते, भाऊसाहेब रजेवर असले की होत नाही. एकदा ते मेव्हणीच्या लग्नाला गेले आणि नेमकी दहशतवादविरोधी दिवसाची शपथ आली. आम्ही मागच्या वर्षीचा फोटो वर पाठवून दिला. त्यात साहेब वेगळे होते, बदली होऊन गेलेले. पण वरून कुणी काही विचारलं नाही.

असा एक माणूस दर कार्यालयात असतोच. पदानं तो साधा वरिष्ठ सहायक असेल, पण शपथ सांगावी त्यानंच. भाऊसाहेबांचा आवाज असा की ऐकणाऱ्याला क्षणभर वाटावं, आता पाळावीच लागणार. शिवाय त्यांना वाक्य तोडता येतं. साहेब शपथ देतात तेव्हा अख्खं वाक्य एका दमात सांगतात, मग मागची मंडळी नुसती गुणगुणतात आणि क्रियापदावर येऊन सामील होतात. भाऊसाहेब तीन-तीन शब्दांचे घास करून भरवतात. लेखा शाखेच्या बाईंना दमा आहे, हेसुद्धा त्यांच्या हिशेबात असतं.

आणि शपथा काय थोड्या आहेत! 25 जानेवारीला मतदार दिवस. 21 मेला दहशतवाद, 31 मेला तंबाखू. 26 जूनला अमली पदार्थ, 20 ऑगस्टला सद्भावना, 2 ऑक्टोबरला स्वच्छता. दिवस सुट्टीचा निघाला तर शपथ आदल्या कामाच्या दिवशी उरकायची. सगळ्यांत धांदल ऑक्टोबरअखेरची. 31 तारखेला सरदार पटेलांची जयंती, म्हणून 2014 पासून एकता दिवसाची शपथ, आणि त्याच आठवड्यात दक्षता जनजागृती सप्ताह, त्याची सचोटीची वेगळी. बाहेर अर्जदार ताटकळलेले असतात. मग भाऊसाहेब दोन्ही एकाच बैठकीत काढतात. पहिली संपली की लोकांचे हात सैल पडू लागतात, तेवढ्यात खणखणीत आवाज येतो, "हात खाली घेऊ नका, दुसरी आहे!"

एकदा मी त्यांना विचारलं, "भाऊसाहेब, यातली एखादी तरी पाळता का हो?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी मस्टरवर हिरव्या शाईनं सही केली होती. म्हणाले, "अहो, शपथ घ्यायची असते. भाषेतच आहे ते. चहा घेतला, रजा घेतली, शपथ घेतली. पाळतात ते कुत्रं." आणि जरा थांबून, "परिपत्रकात बघा. शपथ घेण्यात यावी, आणि फोटोसह अहवाल सादर करावा. पाळल्याचा अहवाल कुणी मागितलाय?"

परिपत्रक मी पाहिलं. खरंच मागितलेला नव्हता.

तंबाखूच्या शपथेचं तर मी आजन्म विसरणार नाही. भाऊसाहेबांच्या खिशात चुन्याची डबी कायम, पण तोंडात तंबाखू ठेवून शपथ ते घेत नाहीत, त्यांच्या मते तो शपथेचा अपमान. त्या दिवशी खिडकीशी जाऊन त्यांनी तोंड मोकळं केलं, खळखळून चूळ भरली आणि कागद हातात घेतला. जिल्ह्याहून आलेल्या त्या नमुन्यात 'मी' या शब्दापुढं नावासाठी टिंबं होती. भाऊसाहेबांनी तिथं स्वतःचं, सेवापुस्तकात आहे तसं, वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव घेतलं. मागच्या 40 जणांनी सवयीनं तेच म्हटलं. मीही म्हटलं. शिपायापासून साहेबांपर्यंत आम्ही सगळ्यांनी शपथ घेतली, की भाऊसाहेब तंबाखू खाणार नाहीत. चूक लक्षात आली ती शेवटच्या ओळीला. पुन्हा घ्यायची का, असं साहेबांनी विचारलं. भाऊसाहेब तोवर तळहातावर चुना मळत होते. "कशाला? उलट तुम्ही सगळे सुटलात की."

सचोटीची शपथ केंद्रीय दक्षता आयोगाच्या संकेतस्थळावरही घेता येते. नाव, मोबाइल नंबर भरला की हातोहात प्रमाणपत्र. ते भाऊसाहेबांनी रंगीत छापून, चौकट करून खुर्चीमागं टांगलंय. एक म्हातारे शेतकरी विहिरीच्या अनुदानाची चौकशी करायला आले होते. त्यांनी चष्मा सारखा करून चौकट खालपासून वरपर्यंत वाचली आणि हळूच विचारलं, "भाऊसाहेब, सगळं लिवलंय, पण दर कुठं लिवलाय?" भाऊसाहेब चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. मला वाटतं, ते मनापासून दुखावले होते. पैसे खाणारा माणूस नाहीच तो. फार तर वर्षाला हुरड्याची एक पिशवी.

घरीही तोच खाक्या. मुलगा इंजिनिअरिंगला आहे. रॅगिंग करणार नाही, असं प्रतिज्ञापत्र विद्यार्थ्यानं आणि पालकानं दरवर्षी भरायचं, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा 2009 चा नियम. दोन्ही भाऊसाहेबच भरतात. मुलाला ठाऊकच नाही आपण काय न करण्याचं कबूल केलंय ते. गल्लीतल्या गणेश मंडळाचे ते सल्लागार, म्हणून पोलीस ठाण्यात हमीपत्र द्यायला तेच जातात. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक वाजणार नाही, मंडपामुळे वाहतुकीला अडथळा होणार नाही, सारं काही लिहून देतात. घेणारे हवालदार त्याच मंडपाला वळसा घालून ठाण्यात आलेले असतात. दोघंही अत्यंत गंभीर चेहऱ्यानं शिक्का उमटताना पाहतात. त्या कागदाचं काम एवढंच की उद्या काही झालं तर दोघांपैकी एकाला तो दुसऱ्याच्या नाकासमोर नाचवता यावा.

आपण लहानपणी पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावरची प्रतिज्ञा म्हणत आलो ती मूळची तेलुगू. 1962 साली पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी लिहिलेली. ते विशाखापट्टणमला जिल्हा कोषागार अधिकारी होते, हे कळल्यावर भाऊसाहेबांना झालेला आनंद मी पाहिलाय. "ट्रेझरीतला माणूस! म्हणूनच एवढी नेमकी. एक शब्द जादा नाही, वसुली निघायला जागा नाही."

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना आमच्याकडे लातूरकडचा एक पोरगा कनिष्ठ सहायक म्हणून हजर झाला. पहिलीच नोकरी, शर्टाच्या बाह्यांना अजून इस्त्रीची धार. महिन्याभरात 2 ऑक्टोबर आला. स्वच्छतेच्या शपथेत वर्षाला 100 तास, म्हणजे आठवड्याला 2 तास श्रमदानाचा शब्द द्यायचा असतो. आम्ही 2014 पासून देतोय. शपथ झाली, फोटो झाला, पेढे नव्हते म्हणून बिस्किटं झाली. पोरगा वही घेऊन भाऊसाहेबांच्या टेबलाशी.

"भाऊसाहेब, वर्षाचे आठवडे 52. दोन-दोन तासांनी 104 होतात. वरचे 4 तास कुठं दाखवायचे?"

इतक्या वर्षांत हा गुणाकार कुणी केला नव्हता. भाऊसाहेबांनी पाणी प्यायलं. म्हणाले, "त्या 4 तासांत आपण शपथा घेतो."

पोरग्यानं ते लिहून घेतलं. कार्यालयातल्या एका माणसानं शपथ कानांनी ऐकली होती, हे आमच्या ध्यानात यायला वेळ लागला. पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून शनिवारी आमच्या इमारतीत फक्त चौकीदार आणि मांजर असतं. हा शनिवारी यायला लागला. रेकॉर्ड रूमची किल्ली मागून घेतली. वहीत नोंदी: शनिवार, 2 तास, रॅक 1. शनिवार, 2 तास, रॅक 2, उंदीर 1. भाऊसाहेबांना कौतुक वाटलं. त्याचाही फोटो अहवालाला लागला.

डिसेंबरात तो मागच्या भिंतीच्या कपाटापर्यंत पोहोचला. सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा होता. फडकंसुद्धा धुतलेलं. आत एका बंधाऱ्याची नस्ती, मोजमाप पुस्तिकेसह. ही नस्ती सहा वर्षांपूर्वी हरवली होती. म्हणजे तसं आम्ही लेखापरीक्षणाला लेखी कळवलं होतं, माहिती अधिकारातल्या तिघांना कळवलं होतं, आणि शोध घेऊनही आढळून येत नसल्याच्या दाखल्यावर खाली माझी, वर भाऊसाहेबांची सही होती. हरवलेल्या नस्तीचं उत्तर तयार असतं हो, सापडलेलीचं काय सांगायचं? शाखेत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. लेखा शाखेच्या बाई तेवढ्या पुटपुटल्या, "ही नसती उठाठेव."

पोरगा दारात उभा. पाठ थोपटली जाईल या अपेक्षेनं जरा पुढं झुकलेला.

भाऊसाहेबांनी त्याला बसवलं. चहा मागवला. मग कोरा कागद काढून स्वतःच्या अक्षरात पाच ओळी लिहिल्या: यापुढे कार्यालय प्रमुखांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय मी अभिलेख कक्षात कोणत्याही प्रकारची साफसफाई करणार नाही. खाली तारीख, ठिकाण आणि पोराचं नाव. टिंबं नाहीत, पूर्ण नाव. आवाज नेहमीचा नव्हता. हळू होता, आणि तीन-तीन शब्दांत तोडलेला नव्हता.

पोरगं उठून उभं राहिलं. "हात वर करू का, भाऊसाहेब?"

"नको," भाऊसाहेब म्हणाले. "बस खाली. ही पाळायची आहे."