लेणं नंबर आठ

(डाळज. पुणे-सोलापूर रस्त्यालगतची चहाची टपरी. मागं उजनीचं पाणी, पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग. बाकावर निवृत्त गुरुजी, समोर तुफान गाडीचा मालक. हा चौथीत गुरुजींच्या हाताखाली होता. दोघंही ते विसरलेले नाहीत.)

गुरुजी: रविवारी गाडी मोकळी आहे का रे?

गाडीवाला: तुमच्यासाठी कवाबी. अष्टविनायक का अक्कलकोट-गाणगापूर?

गुरुजी: कार्ल्याला. बौद्ध लेणं बघायचंय.

गाडीवाला: जुनं देऊळच बघायचं तर पळसदेव हितं हाय की. डिझेल वाचंल.

गुरुजी: पळसनाथ धरणाच्या पाण्यात आहे.

गाडीवाला: उन्हाळ्यात निघतंय वर.

गुरुजी: माझे गुडघे तोवर थांबायचे नाहीत. कार्ला!

गाडीवाला: म्हंजी एकवीरा! मंग तसं सांगा की. धा-बारा खेपा झाल्यात माज्या. लई झकास जागा.

गुरुजी: मग लेणं बघितलंच असशील. देवीच्या देवळाला खेटूनच आहे.

गाडीवाला: ते वर हाय. मी खाली गाडीत झोपतो.

गुरुजी: धन्य! अरे, सव्वाशे फुटांच्या आसपास लांबी, पंचेचाळीसेक फूट उंची, आणि सगळं एकाच कातळात. लेणं क्रमांक आठ.

गाडीवाला: लेण्यालाबी नंबर? आपल्या डाळज एक, दोन, तीनसारखं?

गुरुजी: तसंच समज.

गाडीवाला: मूर्ती कुणाची?

गुरुजी: गाभाऱ्यात मूर्ती नाही. स्तूप आहे, दगडी. त्यालाच प्रदक्षिणा. त्यावरची छत्री लाकडाची, छताच्या कमानीही लाकडी. दोन हजार वर्षांच्या घरातल्या.

गाडीवाला: लाकूड? दोन हजार वर्षं? माज्या टपावरचं लोखंडी कॅरियर दोन पावसाळ्यांत गेलं! कंच्या राजानं केलं हे?

गुरुजी: तीच तर गंमत. राजांकडच्यांनी गावं इनाम दिली. पण खांब दिले तुझ्यामाझ्यासारख्यांनी. वर्गणी! कितीतरी खांबांवर कोरलंय, अमक्या गावच्या तमक्याचं दान. सोपाऱ्याचा माणूस आहे. धेनुकाकट गावाचे तर पुष्कळ, आणि त्यात यवनसुद्धा.

गाडीवाला: यवतचे? माजी मेव्हणी यवतलाच दिलीय!

गुरुजी: यवत नव्हे रे, यवन! ग्रीकांकडची माणसं.

गाडीवाला: भाईरची? आन् त्यांनी वर्गणी दिली? हितं डाळज एक डाळज दोनला देत न्हाय, गुरुजी.

गुरुजी: एका अत्तरवाल्यानं दरवाजा दिला. दरवाजा घडवणाऱ्या सुताराचंही नाव आहे.

गाडीवाला: सुताराचं? आमच्या मारुतीच्या देवळाचं पत्रं ज्यानं ठोकलं त्याला अजून मजुरी न्हाय, नाव कुठलं! आन् पंख्याला बघा, तिन्ही पात्यांवर दात्याचं नाव. फिराय लागला की वाचता येत न्हाय, म्हणून दाता बटन दाबू देत न्हाय. अख्खा सप्ता आम्ही घामात काढला.

(हे खरं आहे. त्या सप्त्यात प्रस्तुत लेखकही घामाघूम बसला होता.)

गुरुजी: आणि वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठनं तर लिहून ठेवलंय, की हे शैलगृह आपण पुरं केलं आणि ते जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे.

गाडीवाला: म्हंजी फ्लेक्स.

गुरुजी: फ्लेक्स नव्हे, शिलालेख!

गाडीवाला: मजकूर फ्लेक्सचाच की. बरं, माणसं किती?

गुरुजी: मी आणि घरची.

गाडीवाला: दोघांसाठी तुफान? जाऊन-येऊन साडेतीनशेच्या घरात जातंय. बारा तरी पायजेत. आन् बारा माणसांना नुसता स्तूप दावला तर वापस येताना मला कुणी च्या पाजायचं न्हाय. थांबा, लिवतो. (सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर लिहीत) पहाटं पाचला निघायचं. चौफुल्याला नाष्टा. मंग आळंदी. देहू. एकवीरा. लोणावळ्यात चिक्की. लेणं...

गुरुजी: हं, लेणं?

गाडीवाला: ...जमल्यास.

गुरुजी: खोड ते! लेणं पहिलं लिही. तिकीटही तिथंच काढावं लागतं.

गाडीवाला: देवीला फुकट आन् लेण्याला तिकीट? माणसं भाईरनंच हात जोडत्याल.

गुरुजी: जोडू देत. मी आत जाणार. दोन्ही अंगांना पंधरा-पंधरा खांब, त्यांच्या माथ्यावर हत्तींवर बसलेली जोडपी. स्तूपाच्या मागं आणखी सात आहेत. ते मात्र साधे, अठपैलू. ना हत्ती, ना नक्षी.

गाडीवाला: वर्गणी संपली आसंल.

गुरुजी: ...असं कुठं लिहिलेलं नाही.

गाडीवाला: ते कोण लिवतंय, गुरुजी? आमचा सभामंडप बघा. फुडनं ग्रॅनाइट, मागनं प्लास्टरबी न्हाय.

(गुरुजी चहा बशीत ओततात, पीत नाहीत.)

गुरुजी: चौथीत हे डोकं कुठं होतं रे तुझं?

गाडीवाला: तवा तुमी अंगठं धराय लावायचा. डोकं खालीच आसायचं. बरं, आसं करा. डिझेल आन् टोल तेवढा द्या. माजी मजुरी सोडली.

गुरुजी: का बरं?

गाडीवाला: फाट्यावर सहलीचा फ्लेक्स लावू. त्यावर खाली 'वाहन सौजन्य' म्हणून माजं नाव टाका, गावासकट. आन् डाळज नंबर दोन नीट लिवा. मागल्या बारीला तीन छापलं, तर तिथलं लोक माज्याकडंच वर्गणी मागाय आलं.