दाजींचं इनकमिंग इन्स्पेक्शन

भोसरीत कुणाचा चेक वटला नाही की आधी बँकेचा मेमो येतो आणि त्याच्या पाठोपाठ दाजी येतात. मेमो एकदाच येतो. दाजी रोज येतात.

दाजी नेमके कुणाचे दाजी, हे कुणालाच ठाऊक नाही. आमच्या हिने एकदा विचारलं, "सगळे यांना दाजी म्हणतात, मग यांना दिलेली बहीण कुणाची?" गवळीमाथ्यापासून मोशीपर्यंत चौकशी केली, पण त्या बहिणीवर कुणी हक्क सांगेना. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ३४ वर्षं क्वालिटीत काढून दाजी रिटायर झाले. क्वालिटी मात्र त्यांच्यातून रिटायर झाली नाही. शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी, लाल पेन आणि कंपनीची जुनी डायरी. पँटच्या खिशात व्हर्नियर. मंडईतली काकडी, वडापावातला वडा आणि भाचीला सांगून आलेलं स्थळ, तिन्हींकडे ते एकाच नजरेनं बघतात: ड्रॉइंगप्रमाणे आहे का?

अशा माणसानं लोकांना वकील निवडून देण्याचं काम अंगावर घेतलं, त्यात नवल नाही. भोसरीत काम भरपूर. इथं गल्लोगल्ली लेथ आणि व्हीएमसी. माल जातो चलनावर आणि पैसे येतात 'सोमवारी बघू'वर.

माझं तसंच झालं. चाकणच्या एका पार्टीनं दिलेला ४ लाख ८० हजारांचा चेक 'खात्यात पुरेशी रक्कम नाही' असा शेरा घेऊन परत आला. सोमवारी मेमो हातात पडला आणि संध्याकाळी चहाच्या गाड्यावर दाजी. मेमो त्यांनी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिला.

"वकील करायचाय ना? मग घाई नको. चुकीचं टूल लावलं की जॉब पण जातो आणि टूल पण."

गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी. त्यामुळे दर गुरुवारी एक वकील, असा कार्यक्रम ठरला.

एरवी भोसरीत वकील निवडायची रीत सोपी आहे. गाववाला गावातला वकील धरतो, लातूरचा माणूस लातूरकडचा शोधतो आणि खानदेशी माणूस आधी वकिलाशी अहिराणीत दोन वाक्यं बोलून बघतो. दाजींना हे मंजूर नाही. "बार कुठल्या गावाहून आला ते आपण बघतो का? टेस्ट सर्टिफिकेट बघतो." म्हणून ऑफिसात शिरल्या शिरल्या ते वकिलाला सनद नंबर विचारत. मालाचा हीट नंबर टिपावा तसा तो डायरीत टिपत आणि मगच खुर्चीवर बसत.

पहिला गुरुवार. नाशिक रस्त्याला लागून ऑफिस, बाहेर दुकानावर शोभेल एवढा बोर्ड. त्यावर वकिलाचं नाव, खाली तीन संस्थांची अध्यक्षपदं, कोपऱ्यात एका नेत्याबरोबरचा फोटो. दाजींनी रस्त्यावरूनच पट्टी धरून बोर्ड मापला. "रिजेक्ट. बार कौन्सिलचा नियम आहे, पाटी बेताची पाहिजे, वर पदंबिदं नकोत. पाटीचंच माप चुकलं तर आत काय बघायचं?" आम्ही जिना चढलोच नाही.

दुसरा गुरुवार. हे वकील भलतेच मोकळे निघाले. "शंभर टक्के जिंकून देतो. फीचं टेन्शन नको, वसूल होईल त्यातले वीस टक्के माझे. फक्त पार्टी चाकणची, म्हणून केस खेडच्या कोर्टात टाकावी लागेल." माझा जीव भांड्यात पडला. दाजींनी तो उचलून पुन्हा बाहेर ठेवला.

"३४ वर्षांत मी शंभर टक्के पास अशी सही एकदाही केली नाही," जिन्यात ते म्हणाले. "आणि निकालात टक्का ठरवणं वकिलाला मना आहे. नियमच मोडणारा माणूस तुझा कायदा काय सांभाळणार?" खेडच्या कोर्टाबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत. ते माप त्यांच्या गेजमध्ये नव्हतं.

मी हळूच म्हटलं, "दाजी, दिवस चाललेत."

"दिवस?" खाली चहाच्या गाड्यावर बसलेल्या एका बैलगाडावाल्याकडे दाजींनी बोट दाखवलं. "यांना विचार. २०१४ला शर्यतींवर बंदी आली. मग राज्यानं कायदा केला, तो अडकला. डिसेंबर २०२१ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं कायदा कायम केला. नऊ वर्षं! थांबले का नाही?"

"थांबलो," गाडावाला म्हणाला, "पण तारीख एक चुकवली नाही. आणि बैल म्हातारे झाले ते वेगळंच."

हे वाक्य मी लक्षात ठेवायला हवं होतं. मी फक्त बैलांबद्दल हळहळलो.

तिसऱ्या गुरुवारचे वकील मला फार आवडले. पाटी बेताची, बोलणं बेताचं, फी स्पष्ट आणि पावती देणार. दाजी आत गेल्यापासून गप्प होते. बाहेर येऊन म्हणाले, "फायलीवर चहाच्या कपाचा गोल डाग पाहिलास?"

"दाजी, डागानं काय होतं?"

"सरफेस फिनिश," दाजी म्हणाले आणि लाल पेन उघडलं.

"डेव्हिएशनवर तरी घ्या की!" मी कळवळून म्हणालो. कारखान्यात माप थोडं चुकलेला पण चालण्याजोगा माल साहेबाची सही घेऊन पुढं सोडतात, त्याला डेव्हिएशन म्हणतात. दाजींनी आयुष्यात डेव्हिएशनवर फक्त एक गोष्ट घेतली होती, असं ते सांगत. कोणती, ते दाजीबाई समोर असताना सांगत नसत.

चौथा गुरुवार. लांडेवाडीत पिठाच्या गिरणीच्या वर एका तरुण वकीलबाईंचं ऑफिस. टेबलावर पिठाची बारीक साय. दाजींनी बोटानं ती उचलून माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिलं आणि सनद नंबर विचारायला तोंड उघडलं. तेवढ्यात बाईंनीच विचारलं, "मेमो हातात कधी आला?"

तीन गुरुवारांत हे कुणी विचारलं नव्हतं. दाजींनीही नाही.

"आज पंचविसावा दिवस," मी म्हणालो.

बाईंनी चहा सांगण्यासाठी उचललेला फोन खाली ठेवला. "मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे. नाहीतर कलम १३८ विसरा. नोटीस मिळाल्यावर पार्टीला १५ दिवस, तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात फिर्याद. तुमचं खातं कुठल्या शाखेत?"

"भोसरी."

"मग केस इथंच, पिंपरी कोर्टात. २०१५च्या दुरुस्तीपासून चेक ज्या शाखेतल्या खात्यात भरला, तिथलं कोर्ट. खेडला जायचं कारण नाही." एकीकडे त्यांची बोटं कीबोर्डवर चालू होती. "माल पाठवायच्या आधीपासून उद्यम नोंदणी आहे ना? मग २००६च्या एमएसएमई कायद्यानं तुमचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला हवं होतं. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज, तेही दर महिन्याला. त्यासाठी वेगळी कौन्सिल आहे. पण ते नंतर. आधी घड्याळ."

दाजी वकीलपत्र वाचत होते. छापील वकीलपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा मी पाहिलेला हा एकमेव माणूस. "यात तडजोड करायचा आणि पैसे स्वीकारायचा अधिकारही वकिलाला आहे," त्यांनी बोट ठेवलं.

"नको असेल तर खोडा आणि सही करा," बाई मान वर न करता म्हणाल्या. "कोरं ठेवून सही मात्र करू नका."

दाजींनी पेन मिटलं. ३४ वर्षांत कुठल्या सप्लायरनं त्यांना असं उत्तर दिलं नसावं.

नोटिशीची प्रिंट निघेपर्यंत ते चुळबुळ करत होते. मग डायरीच्या मागच्या कप्प्यातून चौघडी घातलेला एक कागद निघाला. "हे जरा... सहज. एका ओळखीच्या माणसाचं आहे."

हातउसने २ लाख, तिकिटावर सही. घेणार: साडू. देणाऱ्याच्या जागी दाजींचं नाव होतं, त्यामुळे ओळखीचा माणूस लगेच ओळखू आला.

"तारीख चार वर्षांपूर्वीची आहे," बाई म्हणाल्या. "मुदत तीन वर्षांची असते. मधल्या काळात त्यांनी काही लिहून दिलंय? खात्यावर थोडे पैसे टाकलेत?"

"नाही. पण दर दिवाळीला फराळाचा डबा न चुकता पाठवतो."

"फराळ कायद्यानं कबुलीत धरत नाहीत, काका."

"एवढी वर्षं वकील केला का नाही?" मी विचारलं.

"बघत होतो," दाजी म्हणाले. "मनासारखा मिळेना."

खाली गिरणीचा पट्टा फटफटत होता. परतताना गाडीवर मागं बसून दाजी पहिल्यांदाच गप्प होते. पीएमटी चौकात उतरल्यावर डायरी काढून त्यांनी बाईंचा सनद नंबर लिहिला आणि पुढं हिरव्या शाईनं 'पास'. त्यांच्याकडे हिरवं पेनही आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

नोटीस दुसऱ्याच दिवशी स्पीड पोस्टानं गेली. पार्टीला ती मिळाली आणि चौदाव्या दिवशी माझ्या खात्यात पैसे जमा झाले. पंधरावा दिवस त्यांनाही कुणीतरी मोजून दिला असणार.

यंदाच्या दिवाळीत मी पेढे घेऊन दाजींकडे गेलो तेव्हा साडूंचा डबा नुकताच आला होता. दाजींनी एक चकली उचलली, व्हर्नियरच्या जबड्यात धरली, चष्मा वर सारून आकडा वाचला.

"अंडरसाइज," ते म्हणाले.

मग थोडा विचार करून त्यांनी चकली तोंडात टाकली. डेव्हिएशनवर.