काय हुतंय त्याला!

कोल्हापुरात धंदा काढणाऱ्याला भांडवलाआधी आण्णा गाठ पडतात. चहाच्या गाड्यावर, तालमीच्या कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. आपण “कांदा-लसूण चटणीचा विचार...” एवढंच बोलायचा अवकाश, त्यांचं उत्तर तयार. “सीएला कशाला पैसे? मी हाय की!” शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात; आण्णा वकिलाचा जिनाही चढू देत नाहीत.

त्यांचा अधिकार मोठा. साडू सेल्स टॅक्समध्ये कारकून होता. साडू निवृत्त झाला, 2005 मध्ये व्हॅट आला, 2017 मध्ये जीएसटी आला. आण्णांचं ज्ञान साडूच्या टेबलापाशीच बसून राहिलं. त्यात नवी भर एका आकड्याची. “40 लाखांच्या आत जीएसटी न्हाई. गप माल विक.” मालाच्या धंद्याला हा आकडा बरोबर आहे, म्हणूनच ऐकणारा फसतो. पोरगं चटणीची पहिली खोकी बेळगावला धाडतं. माल राज्याबाहेर विकायचा तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते, हे कळल्यावर आण्णा खवळतात. “बेळगाव आपलंच हाय!” भावना खरी आहे, पण जीएसटी खात्याला सीमाप्रश्नाचं सोयरसुतक नाही.

भागीदारी म्हटलं की आण्णा हळवे होतात. “दोस्तीत कागद कसला?” फारच आग्रह झाला तर बाँडवर चार ओळी. मग एक दोस्त 5 लाख घालतो, दुसरा नुसता पाठिंबा देतो. वाटणीला बसल्यावर कळतं, वेगळं काही ठरलं नसेल तर 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार नफा-तोटा दोघांत सारखा. शिवाय फर्मची नोंदणी नसेल तर करारातल्या हक्कासाठी भागीदारावर दावाही लावता येत नाही. “काय हुतंय त्याला, बसून मिटवू,” म्हणत आण्णा चहा मागवतात. पैसे आपण द्यायचे.

रोखीवर त्यांचा जीव. एका माणसाला एका दिवसात 10,000 रुपयांच्या वर रोख दिले की आयकरात तो खर्च सहसा धरत नाहीत. नोटीस आली की आण्णांचं ठरलेलं वाक्य, “मी सांगिटलं तसं केलं न्हाईस तू.”

माणूस मात्र लोभी नाही. रात्री-अपरात्री धावून येईल, चहापलीकडे काही घेणार नाही. खोट एकच. सीए आधी प्रश्न विचारून भंडावतो: माल कुठं जाणार, भांडवल कुणाचं, बिलं कुठं आहेत? आण्णांनी आजवर कुणाला एकही प्रश्न विचारलेला नाही.

तेव्हा धंदा काढताना फी प्रश्न विचारणाऱ्याला द्या. उद्घाटनाचा नारळ आण्णांच्या हातून फोडा, त्यांना पहिल्या रांगेत बसवा. फक्त कागदांच्या फाइलीला त्यांचा हात लागू देऊ नका.