मुकुट घातलेली कोळंबी

काय दिवस आले बघा! साठी ओलांडलेली, गुडघ्यांना तेल चोळणारी अमेरिकन माणसं लहानपणची कॉमिक्स चढ्या भावानं विकत घेतात आणि सुपरमॅनकडे ढुंकूनही न बघता थेट मागची पानं उघडतात. तिथे असतं काय? जाहिराती! ज्यांनी यांचा खाऊचा पैसा लुटला, त्याच. आणि त्या बघून यांचे डोळे भरून येतात म्हणे. २०११ साली ‘मेल-ऑर्डर मिस्टरीज’ नावाचं आख्खं पुस्तकच निघालं. जाहिरातीत काय दाखवलं होतं आणि टपालाच्या खोक्यातून काय निघालं, याचा जाहीर पंचनामा. शिव शिव! इतकी वर्षं झाकलेली मूठ उघडायची हौस तरी किती!

सगळ्यात खमंग प्रकरण सी-मंकीजचं. चित्रात गुलाबी कांतीचं सुखी राजघराणं. आई, बाबा, मुलंबाळं, डोक्यांवर तीन टोकांचे मुकुट, मागे राजवाडा. अंगावर चिंधी नाही, पण चेहऱ्यावर काय समाधान! पाण्यात पूड टाका की हे कुटुंब जन्माला येणार, वर शिकवाल ते शिकणार. पोरं भांड्याला नाक लावून बसली. अवतरलं काय? कोळंबीच्या नात्यातले, डोळे बारीक करून शोधावे लागणारे वळवळते ठिपके. आई कोण आणि बाबा कोण, ओळखायची सोय नाही.

हॅरॉल्ड व्हॉन ब्राउनहट नावाच्या गृहस्थांनी १९५७ साली हा माल शोधला आणि पुढे ‘इन्स्टंट लाइफ’ म्हणून ४९ सेंटला विकायला काढला. माकडाचं नाव मागाहून चिकटवलं, कारण काय, तर शेपटी माकडासारखी दिसते! पुड्यांची चलाखी तर ऐकाच. पहिली पुडी म्हणे पाणी शुद्ध करायची. ती टाकून एक दिवस थांबायचं. मग दुसरी, अंड्यांची. ती पडते न पडते तोच पाण्यात जीव पोहू लागलेले! जादूच की. खरी अंडी पहिल्याच पुडीत असायची आणि रात्रीत निमूटपणे फुटलेली असायची. दुसरीतल्या रंगानं पिल्लं नजरेत भरायची, एवढंच. आणि शिक्षणाचं म्हणाल, तर हे जीव उपजतच उजेडाकडे धावतात. टॉर्च फिरवा, झाले पदवीधर.

याच महाशयांनी अदृश्य गोल्डफिशही विकले. भांडं, माशांचं खाणं आणि सोबत हमी की मासे कधीही दिसणार नाहीत. आता करा तक्रार!

बरं, ही चित्रं काही कुणा ऐऱ्यागैऱ्यानं काढलेली नाहीत. ते राजघराणं जो ओरलँडो यांच्या हातचं, जे पुढे डीसी कॉमिक्सचे उपाध्यक्ष झाले. १.९८ डॉलरला १३२ रोमन सैनिक मिळायचे, त्या जाहिरातीतली तुंबळ लढाई रस हीथ यांची. युद्धकथांच्या चित्रांत मोठं नाव. सैनिक आले, मोजून तेवढेच आले. पण पापडासारखे चपटे, बाजूनं बघितलं की गायब.

माझं तर ठाम मत झालंय की या धंद्यात शब्द फारसे खोटं बोलतच नव्हते. ते काम चित्राकडे सोपवलेलं होतं. ‘एक्स-रे स्पेक्स’च्या चित्रात हाताची हाडं दिसायची आणि समोर फ्रॉकमधली मुलगी उभी. (ती तिथे कशाला होती, हे पोरांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.) मजकुरात मात्र चक्क छापलेलं की हा गमतीचा दृष्टिभ्रम आहे. चष्म्याच्या पुठ्ठ्याच्या भिंगांत पिसं बसवलेली, त्यातून वस्तू दुहेरी दिसायची आणि मधली सावली म्हणजे हाड! ६.९८ डॉलरची पाणबुडीही कबूल केल्याप्रमाणे सात फुटांहून लांब होती. पुठ्ठ्याची होती, हा भाग वेगळा. आपल्याकडे रद्दीच्या दुकानातून ही कॉमिक्स ज्यांच्या हाती आली, ते नशीबवान. भाव डॉलरात, त्यामुळे फसायचीसुद्धा ऐपत नव्हती.

आता कान इकडे करा. एका जाहिरातीत चित्र आणि माल तंतोतंत एक होता. १८.९५ डॉलर पाठवा, घरपोच माकड! हाडामांसाचं, जिवंत, दक्षिण अमेरिकेच्या रानातलं स्क्विरल मंकी. लॉलीपॉपसुद्धा खातं, अशी शिफारस. खोटी माकडं आली म्हणून लोक अजून हसतात. खरी माकडं पोस्टाच्या खोक्यातून आली, चावली, पडद्यांवर चढली, त्यांचं पुढे काय झालं असेल ते बोलायला कुणी तयार नाही. माझ्या मते सगळ्यांत नालायक जाहिरात हीच, आणि ती सगळ्यांत प्रामाणिकही.

व्हॉन ब्राउनहटबद्दलही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, आणि ती चेष्टेची नाही. वंशश्रेष्ठत्व मिरवणाऱ्या गोऱ्या संघटनांशी त्यांचे लागेबांधे होते, आणि ते स्वतः जन्मानं ज्यू होते. १९८८ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’नं हे छापलं. २००३ साली ते गेले. जुन्या आठवणींत रमणारे हे पान सहसा उलटून पुढे जातात. तसं करू नये.

सी-मंकीज आजही मिळतात, खोक्यावर तेच मुकुट घालून. नातवंडांसाठी मागवलेच, तर पहिल्या पुडीनंतर दुसऱ्या दिवशी भांडं भिंगाखाली जरूर बघा. पण दुसरी पुडी त्यांना टाकू द्या, आणि तोवर तोंड बंद ठेवा.