पेशंटचं फळ

खाप्यात आजारी माणसाला भेटायला जायचं तर सेब न्यावे लागतात. गाव सावनेर तालुक्यातलं, कन्हानच्या काठचं, हातमागांचं आणि शेजारी गुमगावची मँगनीजची खाण असलेलं. पण खरी ओळख संत्र्याच्या पट्ट्यातलं गाव हीच. आंबिया बहार उतरू लागला की ज्याची बाग नाही त्याच्याही दारात पिशवी येऊन पडते. म्हणून पेशंटकडे संत्री नेली, तर घरची बाई आधी पिशवीकडे आणि मग आपल्याकडे बघते. "कायले आनले जी? घरी पोतंभर पडले हायेत!"

सेब कसा, विकत घ्यावा लागतो. भाव ऐकून थोडं गप्प राहावं लागतं. निम्मा गुण त्यातच असावा.

त्यातही मान लालभडक, तळाशी पाच उंचवटे असलेल्या डेलिशियसचा. हे मूळचं अमेरिकेतल्या आयोवा प्रांताचं. जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत आपोआप उगवलेलं रोप; त्यानं छाटलं तरी ते पुन्हा फुटलं, असं सांगतात. फिलाडेल्फियाचे सॅम्युअल स्टोक्स 1904 मध्ये भारतात आले, हिमाचलातल्या कोटगडला राहिले, तिथे त्यांनी याची लागवड केली आणि पुढे स्वतःच सत्यानंद झाले. माणसानं धर्म बदलला, फळानं फक्त पत्ता. अमेरिकेत मात्र बागवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अधिकाधिक लाल झाडंच निवडली आणि रंगाच्या नादात चव मागे पडली. आपल्याकडेही गिऱ्हाईक रंगच बघतं, तेव्हा नावं कोणी ठेवू नयेत.

आता गुणाचं. शंभर ग्रॅम सफरचंदात पाणी 85 टक्क्यांच्या आसपास, कॅलरी पन्नासेक आणि तंतू सुमारे अडीच ग्रॅम. त्यातलं पेक्टिन पोटाला बरं, कोलेस्टेरॉलही थोडं आवरतं. तंतूंचा मोठा वाटा आणि क्वेर्सेटिन नावाचं अँटिऑक्सिडंट सालीत असतं. आणि आपण काय करतो? पेशंटची मावशी विळी घेऊन बसते, साल अशी सफाईनं काढते की एक अखंड फीत खाली उतरते, ती जाते गाईपुढे. गाय तब्येतीनं उत्तम असते. सोललेल्या फोडी ताटलीत काळ्या पडत राहतात, कारण हवा लागली की फळातलं एन्झाइम कामाला लागतं. पेशंट त्याकडे बघून अजून खचतो. सालीवर मेण असतं म्हणे! असतं. थोडं फळाचं स्वतःचं, थोडं व्यापाऱ्याचं. नीट धुवावं, पुसावं, चावून खावं.

क जीवनसत्त्वाच्या हिशेबात मात्र सेब गरीबच. शंभर ग्रॅमला पाचेक मिलिग्रॅम. आपलं संत्रं त्याच्या पाचपट देतं. 2014 मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पेशंटच्या उशाशी जागा काही मिळाली नाही.

मला दोन्ही आवडतात. दिवाळीच्या सुमारास हिमाचलचा माल आणि आपला आंबिया एकाच हातगाडीवर शेजारी दिसतात, तेव्हा निवड करण्यासारखं भांडण तिथे नसतंच. तेव्हा माझी तब्येत बिघडल्याचं कळलं तर सेब जरूर आणा, फक्त विळी मागू नका. आणि जाताना पिशवी रिकामी नेऊ नका. परसात संत्री आहेत.