सूर्यवंशाचा पुरावा

"काय हो मंदावहिनी, काल पाहुणे उठतच नव्हते वाटतं!"

"ठाणच मांडलं! मुलगा राहिला बाजूला, त्याच्या काकांनी आधी वंशावळ पसरली. खाली मुलगा, वर थेट सूर्य! मधल्या पणजोबांचं नाव मात्र कुणाला आठवेना."

"अहो, विलायतेत तरी काय वेगळं? आमचा शशी सांगत होता. आठव्या हेन्रीने १५३० पासून राजाचे भाट जिल्ह्याजिल्ह्यात धाडले, कुळं तपासायला. तरी लोक खोटी कुळं लावतच राहिले. तो नाटकवाला शेक्सपियर, त्याचा बाप हातमोजे शिवायचा. १५९६ मध्ये त्यालाही मिळालं कुलचिन्ह."

"मग? जळाले असतील की लोक."

"लोक कशाला, त्या भाटांतलाच एक! १६०२ मध्ये तक्रार केली त्याने, असल्या हलक्या लोकांना चिन्हं वाटता म्हणून."

"भाऊबंदकी मेली कुठे सुटत नाही."

"मला विचाराल तर वंशावळ असावी उदवाड्याच्या पारशी पुजाऱ्यांसारखी. बोर्डीमागचा बाहरोटचा डोंगर माहितीये ना? पारशांचं संजाण पडलं तेव्हा त्यांनी आपला इराणशाह अग्नी त्या डोंगरातल्या गुहेत नेला. बारा वर्षं ठेवला म्हणे. मग वांसदा, मग नवसारी, आणि १७४२ पासून उदवाडा. नवसारीला गेला तेव्हा बरोबर तीन पुजारी होते, नागन राम, खुर्शीद कामदिन आणि चाइयान सायर. उदवाड्याची नऊ पुजारी घराणी त्या तिघांचीच. अग्नीची पाळी अजून त्यांच्यातच फिरते."

"आणि वर राजाबिजा कुणी नाही?"

"छे! वर तीन भटजी, संपलं. मला तेच पटतं बाई. कुळ सांगायचं तर काम सांगा."

"पण हे लिहून कुणी ठेवलं?"

"नवसारीपर्यंतचं त्यांच्यातल्याच बहमन कैकोबादने, फारसी पद्यात. किस्सा-ए-संजान. १५९९ च्या सुमाराला, म्हणजे तिकडे एलिझाबेथ गादीवर होती तेव्हा."

"इतक्या पिढ्यांनी? मग तेही ऐकीवच!"

"ऐकीवच. पण होशंग दस्तुरांकडून ऐकलं, असं नाव घेऊन सांगतो तो. तुम्ही विचारा ना काकांना, सूर्याचं त्यांना कुणी सांगितलं?"

"विचारलं तर जमत आलेलं मोडेल हो."

"मोडू दे. तशीही त्यांची चिकूची वाडी गहाण आहे म्हणतात."

"अगंबाई! कोण म्हणतं?"

"सगळेच."