उतरायचं कधी?

आमच्या घरात सहलीचा बेत म्हणजे खाण्याची यादी. हरिश्चंद्रगडाला जायचं ठरलं तेव्हाही चकल्या, चिवडा, थालीपिठं, चार माणसांत पाच पॉवर बँक आणि मेव्हण्याचा गाणी वाजवायचा स्पीकर एवढं आठवड्याभरात नक्की झालं. पाणी मात्र कुणीच लिहिलं नव्हतं. ते गडावर असतंच, असं प्रत्येकाला कुणीतरी सांगितलं होतं.

वाट पाचनईची धरली, कारण सगळे तिला सोपी म्हणतात. ट्रेकवाल्यांचं ‘सोपी’ म्हणजे खेड्यातल्या माणसाचं ‘हे काय, इथंच!’ खिरेश्वरहून तोलार खिंडीतून येणारी वाट लांबची, म्हणून ती ‘मध्यम’. कोकणातून बेलपाड्याहून चढणारी नळीची वाट ‘अवघड’; तिथं दोर लागतो आणि घरी खरं सांगून निघता येत नाही.

आळेफाट्याला मिसळ खाऊन, पुढं ‘जरा’ चहा घेऊन पाचनईला पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. दिवस डिसेंबरचे. ज्यांच्या अंगणात गाडी लावली ते मामा ओसरीवर बसले होते. त्यांनी आमचे बूट पाहिले, मेव्हण्याचं पोट पाहिलं आणि एकच विचारलं,

“उतरायचं कधी?”

चढायचं कधी, यावर आम्ही आठवडाभर वाद घातला होता. उतरण्याचा विषयच निघाला नव्हता.

“बघू, जमेल तसं,” मी म्हणालो.

“ब्याटऱ्या किती?”

मी मोबाइल दाखवला. मामा काही बोलले नाहीत. आत गेले, काठी घेऊन आले आणि आमच्या पुढं चालू लागले. वाटाड्या घ्यायचं आम्ही ठरवलं नव्हतं. ते त्यांनीच ठरवलं.

गड सुमारे १४२२ मीटर उंच. हा आकडा घरी वाचताना उंची वाटतो. दुसऱ्या वळणावर तो वय वाटायला लागतो. पाणी तिथंच संपलं. पुढं एका झोपडीत लिंबू सरबत मिळालं, तेव्हा मेव्हण्यानं तीन ग्लास पिऊन त्या बाईंना मनापासून हात जोडले. देवळात तो इतक्या भक्तीनं उभा राहिलेला मी पाहिलेला नाही.

वर केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यात भलंमोठं शिवलिंग आहे. भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत. चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ याच गडावर रचला, असं मानतात. अशा जागी मेव्हण्यानं स्पीकर काढला. मामा शांतपणे म्हणाले, “सायब, देवाचा आत्ताच डोळा लागलाय.” स्पीकर पिशवीत गेला. तिथं पाटी असती तर आम्ही तिच्यासमोर फोटो काढून घेतला असता.

कोकणकड्यावर मामांनी आम्हाला उभं राहू दिलं नाही. कडेपासून लांब, पालथं पडून, एकेकानं बघायचं. हा कडा आत वळलेला आहे, नागाच्या फण्यासारखा. त्यामुळे कोकणातून येणारा वारा त्याच्यावर आपटून सरळ वर उसळतो. भाच्यानं, कुणाचं लक्ष नाहीसं पाहून, वेफर्सचं रिकामं पाकीट दरीत सोडलं. पाकीट चार हात खाली गेलं, थबकलं आणि वर येऊन मेव्हण्याच्या चष्म्यावर बसलं. शाळेत मी नागरिकशास्त्र शिकलो, पण इतक्या थोडक्यात कुणी शिकवलं नव्हतं. मामांनी ते घडी घालून बंडीच्या खिशात ठेवलं. त्या खिशात आधीचीच दोन-तीन पाकिटं होती. ती आमची नव्हती, एवढंच समाधान.

हा टापू १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. जनावरांना अभय म्हणून अभयारण्य. आपण त्याचा अर्थ ‘आपल्याला कोण अडवणार’ असा घेतो. भंडारदऱ्याकडं पावसाच्या तोंडावर काजवे चमकतात, तेव्हा त्यांना पाहायला गाड्यांच्या रांगा लागतात, दिवे लावून! काजव्याचा नर लुकलुकतो तो मादीला बोलावण्यासाठी. मुलगी बघायला आलेल्या नवऱ्या मुलाच्या तोंडावर अख्ख्या गावानं बॅटरी मारावी, तसा हा प्रकार. आणि मग आपणच म्हणायचं, यंदा काजवे कमी दिसले.

साडेतीनला मामा म्हणाले, “निघू.” आम्ही म्हणालो, सूर्यास्त बघून. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, समोर सगळं कोकण. सूर्यास्त अप्रतिमच झाला. त्यानंतर दहा मिनिटांत आम्हाला आमचेच पाय दिसेनात. चढताना छाती बोलते, उतरताना गुडघे बोलतात, आणि अंधारात बाकी सगळे गप्प असतात. चार मोबाइलपैकी दोन फोटो काढून काढून मेले होते आणि पाचही पॉवर बँका गाडीत होत्या. मामा काठीनं दगड वाजवत पुढं, त्या आवाजामागं आम्ही. पाचनईला पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. मामींनी पिठलं-भाकरी झाकून ठेवली होती. आम्ही कधी येणार, हे त्यांना दुपारीच कळलं असावं.

आता आमच्या घरातली यादी खालून वर लिहिली जाते. पहिली ओळ परतीच्या वेळेची. मग बॅटऱ्या, माणशी तीन लिटर पाणी, कचऱ्याची पिशवी, आणि कुठल्या वाटेनं जाणार ते घरी एकाला सांगून ठेवणं. चकल्या शेवटी. स्पीकर खोडलेला आहे, पण मेव्हण्याच्या समाधानासाठी तो खोडलेला दिसतो.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि कोकणकड्यावरून पाचनईला उतरायला आमच्यासारख्यांना तीन तास लागतात. तेव्हा सूर्यास्त बघायचाच असेल, तर मुक्कामाची तयारी करून जा. नाहीतर तीनला कड्याकडं पाठ फिरवा.